पाकिटातला शंख

डिंककाकूंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलंच नाही. एकोणतीस वर्षं त्या संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लांबोळक्या खोलीत वाळलेली रोपं जाड कागदावर चिकटवत आल्या होत्या, म्हणून त्या डिंककाकू. फक्त रानोमाळ फिरून ती रोपं गोळा करून आणणारे सर त्यांना ताई म्हणायचे. काम ऐकायला पोरखेळ वाटतं. ज्यांना तसं वाटतं त्यांनी वाळून कुरकुरीत झालेलं, केसाएवढ्या देठाचं एखादं रोप न मोडता कागदावर ठेवून दाखवावं. काकू ते श्वास रोखून करायच्या. देठाला डिंकाची पुसटशी रेघ, जाड काडीला सुईदोऱ्याचे दोन टाके, वर वाळूच्या चिमुकल्या पिशव्यांचं वजन आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी. रोप काय, कुठून, कधी आणि कोणी आणलं, एवढंच चिठ्ठीवर असायचं. चिठ्ठी नसेल तर ते नुसतं वाळलेलं गवत.

त्या खोलीचा एक नियम होता, सरांनी घालून दिलेला. गळलेलं काही फेकायचं नाही. पान गळो, बी गळो, मुळाची माती गळो. कागदाचं इवलंसं पाकीट करायचं, त्यात ते झाडून भरायचं आणि त्याच रोपाशेजारी चिकटवायचं. बाकीच्या जगात कचऱ्याला केरसुणी मिळते, इथे त्याला पाकीट मिळायचं. काकूंच्या हाताला ही सवय इतकी जडली होती की घरी नवऱ्याच्या शर्टाचं तुटलेलं बटणही त्या पाकिटात घालून ठेवायच्या. नवरा म्हणायचा, आता यावर चिठ्ठीही लाव, कुठून गळलं ते.

त्या दिवसांत संस्थेत पाहुणीबाई आल्या होत्या. मूळच्या इथल्याच, पण विशीत शिकायला परदेशी गेल्या आणि तिकडे एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनेत लागल्या. जगातलं कोणतं झाड, कोणता प्राणी कितपत तग धरून आहे याची यादी ही संघटना ठेवते. यादीला पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर बरं चाललेले, मग काळजी वाटावी असे, मग धोक्यातले, फार धोक्यातले आणि सगळ्यात खाली नामशेष. कोण कोणत्या पायरीवर बसणार हे ठरवायला ही माणसं डोंगरदऱ्या पालथ्या घालतात आणि मग खोल्यांत बसून कागदही पालथे घालतात. पाहुणीबाई दहा दिवसांसाठी आल्या होत्या त्या एकाच रोपासाठी. चौदा नंबरच्या कपाटात, लाल फोल्डरमध्ये ते होतं. बोटभर उंच, तपकिरी, दिसायला अगदी बापुडवाणं. पण साऱ्या जगात त्या जातीचा तेवढा एकच पुरावा.

चिठ्ठीवर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, उत्तरेची टेकडी, मागची उतरण. या एका ओळीने काय काय घडवलं होतं म्हणून सांगावं. संघटनेने रोप यादीत घेतलं, फार धोक्यातलं म्हणून. मग पत्रं आली, परदेशी माणसं आली, त्यांनी इथल्या साहेबलोकांच्या टेबलांवर ती यादी ठेवली आणि टेकडी पोखरणारी खडीची खाण बंद पडली. कुंपण आलं. अठरा वर्षांत टेकडी अशी भरून आली की आता तिथे ससे दिसतात म्हणे. फक्त ते रोप तेवढं पुन्हा कोणाला दिसलं नाही.

सर दर वर्षी शोधायला जायचे. निवृत्त झाल्यावरही जायचे. पाठीला पिशवी, हातात भिंग, त्या खडकाळ उतरणीवर गुडघे टेकून पाऊल पाऊल पुढे सरकायचे आणि संध्याकाळी धुळीने माखून याच खोलीत परत यायचे. काकू चहा पुढे करायच्या. सर म्हणायचे, "नाही सापडलं, ताई." अशी एकवीस वर्षं झाली. शेवटच्या वर्षी ते उतरणीवरून पडले आणि डावा गुडघा कायमचा गेला. आता ते एक्क्याऐंशीचे होते आणि घरातल्या घरात काठी घेऊन चालायचे.

चहा पुढे करताना काकू एकदाही सरांच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत. का, ते त्यांच्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

नोकरीला लागून तीनच आठवडे झाले होते तेव्हाची गोष्ट. सरांनी एका आठवड्यात दोनशेच्या वर रोपं गोळा करून आणली, रद्दीच्या घड्यांमध्ये घालून दाबायला ठेवली आणि ते तीन दिवसांसाठी बाहेरगावी गेले. दुसऱ्याच दिवशी गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली. सकाळी काकू आल्या तर वाळवणखोलीत घोट्याएवढं पाणी आणि गठ्ठे भिजून लगदा. ओल्या कागदात रोप राहिलं तर बुरशी धरते, एवढं त्यांना शिकवलेलं होतं. मदतीला कोणी नव्हतं. त्यांनी पदर खोचला आणि एकेक रोप ओल्या रद्दीतून कोरड्या रद्दीत हलवलं, एकेकाची चिठ्ठी त्याच्यासोबत. दोनशे रोपं चुकली नाहीत. दोन रोपांच्या चिठ्ठ्या मात्र घडीतून निसटून पाण्यात तरंगत होत्या. एकीवर टेकडी, दुसरीवर दलदल, बस डेपोच्या मागची. रोपं दोन्ही बोटभर, दोन्ही बिनफुलांची, काकूंना सारखीच. त्यांनी एक चिठ्ठी इकडे ठेवली, एक तिकडे. सर आले की विचारू, असं म्हणून ठेवली.

सर आले, त्यांनी कोरडे गठ्ठे पाहिले आणि डोळे भरून म्हणाले, "ताई, सगळं वाचवलंत तुम्ही." सगळ्यांना बोलावून दाखवलं. आता त्या कौतुकात कुठे तोंड उघडायचं? आज सांगू, उद्या सांगू करता करता सहा महिने गेले. मग त्या दोनांतल्या, टेकडीची चिठ्ठी लागलेल्या रोपाच्या पानाच्या काखेत सरांना भिंगाखाली मोहरीएवढं फळ दिसलं, जगात कुठेच नोंद नसलेलं. त्यानंतर तर सांगायची सोयच उरली नाही. तेव्हापासून काकू स्वतःची एकच समजूत घालत होत्या. दोनच तर चिठ्ठ्या होत्या, बरोबर पडल्या असतील. निम्मी शक्यता तशीही आहेच. या निम्म्या शक्यतेवर त्यांनी एकोणतीस वर्षं काढली.

बुधवारी दुपारी पाहुणीबाई टेकडीवरून परतल्या. सात दिवस, पाच माणसं, दोरीने चौकोन आखून इंचन् इंच पाहून झालं होतं. रोप नव्हतं. त्या दमलेल्या होत्या, नाक उन्हाने सोललेलं होतं, पण बोलायला गोड बाई. काकूंना म्हणाल्या की आता शेवटचं एक काम, रोपाशेजारी चिकटवलेलं पाकीट उघडून त्यातला एखादा गळलेला तुकडा तपासणीला हवा आहे, आणि एवढं नाजूक काम तुमच्याच हाताने व्हावं.

ते पाकीट काकूंनीच घडी केलेलं होतं आणि त्या दिवसानंतर कोणी उघडलेलं नव्हतं. त्यांनी पांढरा कागद अंथरला, चष्मा पुसला आणि चिमट्याने घडी सोडवली. दोन पानं निघाली. मुळाचा तुकडा निघाला. त्याच्या मागून मातीचे कण घरंगळले, काळे कुळकुळीत. टेकडीवरची माती लाल, सगळी खडी. काकूंचा हात थांबला. काळ्या कणांत एक कण वेगळा होता. त्यांनी भिंग ओढलं. तो शंख होता, मोहरीएवढा, पाण्यातल्या गोगलगायीचा.

काकूंनी मान वर केली. पाहुणीबाई खिडकीशी उभ्या राहून फोनवर आपल्या मुख्य कार्यालयाशी बोलत होत्या, पाठ इकडे होती. काकूंनी एकोणतीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. बोटाच्या टोकाने शंख उचलला. मग त्याच घाबरलेल्या हातांनी एक नवं पाकीट घडी केलं, शंख त्यात घातला आणि पाकीट पर्समध्ये ठेवलं. चोरी करतानाही हात नियमाने चालत होता. पानाचा तुकडा त्यांनी काचेच्या नळीत घालून पाहुणीबाईंना दिला आणि त्या बाई मनापासून आभार मानून गेल्या.

घरी नवरा नेहमीप्रमाणे पेपरातलं कोडं घेऊन बसला होता. तो बस डेपोत मेकॅनिक होता, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण डेपोची बित्तंबातमी त्याच्याकडे रोज येऊन पोचायची. काकूंनी पर्समधून घरखर्चाची वही काढली तेव्हा पाकीट टेबलावर पडलं. नवऱ्याने ते उघडलं आणि हसला. म्हणाला की हा आपल्या डेपोमागचा माल, बस धुवायला मागे लावली की चाकांना असे शेकड्यांनी चिकटून यायचे, बोटं सोलून निघायची काढताना. मग आपल्या नादात पुढे सांगू लागला की आता ते शंख आणि ती चिखलाची कटकट कायमची मिटली, दलदल भरून तिथे गोदाम होतंय, निम्म्याहून जास्त भरलीसुद्धा, शनिवारपर्यंत उरलेला कोपरा बुजेल. काकूंनी त्याच्या हातातलं पाकीट काढून घेतलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं, टाकी फुटल्यापासून. नवऱ्याला थट्टेवाचून राहवत नसे, पण या खेपेला त्याने ती केली नाही. कोड्याच्या चौकटींवर पेन्सिल टेकवत बसला.

"निवृत्तीला चार महिने राहिलेत तुझे," तो शेवटी म्हणाला. "एकोणतीस वर्षांत कोणी विचारलं नाही, आता कोण विचारणार आहे?"

हेच तर काकूही स्वतःला सांगत होत्या. पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना ते आवडलं नाही. सांगितलं तर काय होईल याचा पाढा त्या मनात म्हणत राहिल्या. सरांचं नाव जगभर छापलेलं, ते खोटं ठरेल. टेकडीचं कुंपण निघेल, खाणवाले टपूनच बसलेत. संस्थेत आपल्याकडे बोट दाखवतील. आणि सर? त्या एकवीस वर्षांचं काय? तिथे आलं की पाढा अडायचा आणि त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

गुरुवारी सकाळी त्या दोन थांबे आधीच, डेपोपाशी उतरल्या. नुसतं बघून घेऊ म्हणून. मागच्या बाजूला ट्रक उलटा होऊन माती ओतत होता. जिथे पूर्वी लांबवर लव्हाळं दिसायचं तिथे सपाट मुरूम होता आणि त्यावर रोलर फिरत होता. पलीकडच्या कडेला, बस धुण्याचं पाणी वाहून यायचं तिथे, हिरवट ओल्या जमिनीची एक पट्टी उरली होती. काकूंना तिच्याकडे फार वेळ बघवलं नाही. त्या चालतच संस्थेत गेल्या.

पाहुणीबाई टेबलाशी बसून रोप नामशेष ठरवणारा अहवाल लिहीत होत्या. काकूंनी टेबलाची नसलेली धूळ पुसली, खिडकी उघडली, मग बंद केली. शेवटी विचारलं की नामशेष असं लिहिलं की पुढे काय होतं.

"पुढे काही नाही, काकू," बाई म्हणाल्या. "मग कोणी शोधत नाही."

त्या सहज बोलल्या होत्या, तोंड संगणकाकडेच होतं. पण काकूंना ते वाक्य सहन झालं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर ती हिरवी पट्टी आणि तो रोलर आला. त्यांनी पर्समधून पाकीट काढून संगणकाच्या कळांवर ठेवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

पाहुणीबाईंनी शंख भिंगाखाली धरला. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. सात दिवस, त्या म्हणाल्या, सात दिवस आम्ही त्या टेकडीवर होतो. राग आलाच त्यांना, का येऊ नये? त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. काकूंना वाटलं, आता या खाली साहेबांकडे जाणार. पण बाई वळल्या तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"ती दलदल अजून आहे?"

"उद्यापर्यंत आहे."

त्या दोघी रिक्षाने गेल्या. दुपारची वेळ, ट्रकवाले जेवायला बसले होते. पाहुणीबाई पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सरळ चिखलात उतरल्या आणि फोनवर रोपाचा फोटो उघडून, एकदा फोटो आणि एकदा जमीन, असं बघत पुढे सरकू लागल्या. काकू साडी सावरत मागे. पट्टी तरी केवढी, दोन बस मागे-पुढे उभ्या राहतील एवढी. अर्धा तास गेला. बाई दोनदा वाकल्या, दोनदा मान हलवून उठल्या. पलीकडे ट्रकवाल्यांचे डबे बंद होऊ लागले. चुकलं तर होतंच, आता उशीरही झाला, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

मग त्यांना ते दिसलं. बाई त्याला ओलांडून पुढे गेल्या होत्या, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या फोटोतलं रोप तपकिरी आणि चपटं होतं, आणि हे निळसर हिरवं, पानांच्या कडा तांबूस. रंगावरून काकूंनीही ओळखलं नसतं. त्यांनी ओळखलं ते देठावरून. पहिल्या पानाच्या वर देठ डावीकडे झुकतं आणि पुढच्या पानाशी हट्टाने पुन्हा सरळ होतं. ते वळण कागदावर काही केल्या सपाट बसत नव्हतं. एकोणतीस वर्षांपूर्वी काकूंनी पूर्ण एक दुपार त्याच्याशी झटापट केली होती, तीनदा डिंक सुटला होता, शेवटी दोन टाके घालावे लागले होते. त्या खाली बसल्या आणि त्यांनी ते वळण बोटाने चाचपलं. हाताला जुनी ओळख पटली. त्यांना रडू आलं.

"बाई," त्यांनी हाक मारली, "मागे या."

सतरा रोपं निघाली. पाहुणीबाई चिखलात मांडी घालून ती पुन्हा मोजत होत्या. तेवढ्यात ट्रक सुरू झाला. त्या धावल्या, मुकादमाशी बोलल्या. मुकादम भला माणूस होता, म्हणाला की आज मी दुसऱ्या टोकाला ओततो, पण उद्या सकाळी इकडेच यायचं आहे, मला वरून सांगितलंय. मग बाईंनी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून फोन लावले. काकूंना वाटत होतं, एवढी मोठी संघटना, जगभर कचेऱ्या, एका शब्दाने काम बंद पाडतील. बाईंनी फोन खाली केला आणि त्या थकून हसल्या. आमच्याकडे पोलीस नाहीत काकू, शिक्का नाही, त्या म्हणाल्या, आमच्याकडे यादी आहे. ती इथल्या कोणीतरी मानावी लागते.

मानणाऱ्यांतले एक वनखात्याचे साहेब होते आणि ते फोनवर अगदी नम्रपणे बोलले. म्हणाले, तुमच्याच यादीत टेकडी लिहिली आहे, मी दलदलीचं काम कशाच्या आधारावर थांबवू? मूळ कागद दुरुस्त करून आणा, ज्यांनी रोप आणलं त्यांची सही आणा, उद्या सकाळी नवाच्या आत. कागद समोर आला की मी स्वतः ट्रकपुढे येऊन उभा राहतो.

ज्यांनी रोप आणलं त्यांची सही. म्हणजे सरांची. पाहुणीबाई म्हणाल्या की हवं तर मी एकटी जाऊन सरांना सांगते, तुमचं नाव काढत नाही, चिठ्ठ्या पाण्यात मिसळल्या एवढंच म्हणते. काकूंनी क्षणभर तो विचार केला, केला नाही असं कशाला म्हणा. मग नको म्हणाल्या.

त्या खोलीत दुरुस्तीचीही एक रीत आहे. जुनी चिठ्ठी खोडायची नाही आणि काढायचीही नाही. ती चूक असेल तरी तिथेच राहते, तिच्यावर नवी चिठ्ठी लागते, खाली तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव. काकूंनी हजारो चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, पण स्वतः एकही लिहिली नव्हती. संध्याकाळच्या उजेडात त्या टेबलाशी बसल्या. आधी कच्च्या कागदावर चारदा लिहून पाहिलं, प्रत्येक वेळी त्यात टाकी आली, पाणी आलं, तीन आठवड्यांची नोकरी आली. ते सगळं त्यांनी काढून टाकलं आणि चांगल्या कागदावर उतरवलं: "हे रोप बस डेपोमागच्या दलदलीतलं आहे. टेकडीवरचं नाही. चिठ्ठ्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली." खाली पूर्ण नाव, हजेरीपटावरचं. शंखाचं पाकीट त्यांनी शेजारी, त्याच्या जागी चिकटवलं.

सरांचं दार उघडंच होतं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, काठी हाताशी, डावा पाय समोरच्या स्टुलावर. काकूंना बघून त्यांचा चेहरा उजळला. ताई आज इकडे कुठे, बसा, म्हणाले. पाहुणीबाई दाराशीच थांबल्या. काकू बसल्या नाहीत. त्यांनी लाल फोल्डर सरांच्या मांडीवर ठेवून उघडलं आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.

सरांनी नवी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. भिंग शंखावर धरलं, काळ्या मातीवर धरलं, मग परत चिठ्ठीवर आणलं. खाली लिहिलेलं नाव त्यांनी अक्षर लावत वाचलं आणि मान वर केली, जणू हे नाव कोणाचं असा प्रश्न पडला असावा. मग त्यांना ते कळलं.

"एकवीस वर्षं," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "मी टेकडीवरून खाली यायचो आणि तुम्ही मला चहा द्यायचात."

"हो सर."

"तेव्हा ठाऊक होतं?"

"शंका होती. काल नक्की कळलं."

सरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांचा हात डाव्या गुडघ्यावर होता आणि तो तिथेच राहिला. काकू उभ्या होत्या. क्षमा मागावी असं त्यांना फार वाटत होतं, पण ती मागितली तर सरांना काहीतरी द्यावं लागेल, आणि सरांकडून आणखी काही मागायचा आपल्याला हक्क नाही हे त्यांना कळत होतं. पाहुणीबाईंनी दारातूनच हळू आवाजात सांगितलं की सतरा रोपं जिवंत आहेत, सकाळी नवापर्यंत सही पोचली तर वाचतील. टेकडीचं काय करायचं ते सावकाश बघू, तिथे आता दुसरं पुष्कळ काही राहतं आहे, तेही लिहिता येईल. सरांनी ऐकलं की नाही, समजलं नाही.

मग सरांनी खिशाचं पेन काढलं. चिठ्ठीखाली सही केली, तारीख घातली, सवयीने शाईवर फुंकर मारली. फोल्डर मिटून त्यांनी ते काकूंच्या हातात दिलं, त्यांच्याकडे न बघता.

काकू दाराशी पोचल्या तेव्हा मागून आवाज आला.

"ताई, तिथे चढ आहे का?"

काकूंना आधी प्रश्न उमगला नाही. उमगला तेव्हा त्या मागे वळल्या.

"नाही सर," त्या म्हणाल्या. "सगळं सपाट आहे. बस थांबते तिथून वीस पावलं."

सरांनी स्टुलावरचा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला.

"सकाळी आठ वाजता या," ते म्हणाले. "मी तयार असतो."